वैनगंगेच्या खोऱ्यातील मंडई

बालाघाट जिल्ह्यातील लालबर्रा आज हिंदीभाषक मध्य प्रदेशात मोडत असले, तरी वैनगंगेच्या खोऱ्यातील या धानपट्ट्याचे जुने नाते भंडारा-गोंदियाशी आहे. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बालाघाट जिल्हा निर्माण झाला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेले, तेव्हा बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. शाळा-कचेरीत हिंदी आणि घरात पोवारी, म्हणजे पोवार समाजाची मराठी-हिंदी या दोहोंच्या शेजाराने घडलेली बोली, किंवा मराठी असा व्यवहार इथल्या अनेक कुटुंबांत चालत आला. परंतु राज्याची सीमा ओलांडून जी परंपरा दोन्हीकडे सारखीच नांदली, ती मंडईची.

मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणारी एक दिवसाची जत्रा. हलका धान घरात आलेला असतो, थंडी पडू लागलेली असते आणि शेजारच्या गावांच्या मंडया वेगवेगळ्या दिवशी भरत असल्याने पाहुण्यांना एकीकडून दुसरीकडे जाता येते. लेकी-जावई येतात, सोयरिकीची बोलणी निघतात. बलिप्रतिपदेला गाई सजवून खेळवणारा गोवारी समाज, ज्याचा पिढीजात व्यवसाय गुरे राखण्याचा, तो बासरी आणि डफडीच्या तालावर नाचत आपली ढाल मिरवतो. ही ढाल म्हणजे युद्धातील शस्त्र नव्हे, तर मोरपिसांनी सजवलेली उंच बांबूची काठी असून तिची देवतेप्रमाणे पूजा होते. रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक रंगते. दंडार हे झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्याचे, नृत्य-गीत-संवादांनी बांधलेले लोकनाट्य, आणि त्याच मातीतून पुढे वडसा येथे व्यावसायिक नाट्यमंडळ्यांचे केंद्र उभे राहिले.

मंडईसारख्याच हिवाळ्यातील उत्सवाच्या आधारे भाषिक अल्पसंख्याकांनी आपला वारसा जपल्याचे एक ठळक उदाहरण कॅनडात आहे. विनिपेगच्या सेंट बोनिफेस या फ्रेंचभाषक भागात १९७० पासून दर फेब्रुवारीत ‘फेस्टिवल द्यु वॉयाजर’ भरतो. फरच्या व्यापारासाठी होड्यांतून नद्या तुडवणारे फ्रेंच-कॅनेडियन वल्हेकरी, म्हणजे वॉयाजर, हे त्याचे नायक असून जिब्राल्टर किल्ल्याच्या लाकडी प्रतिकृतीत त्यांचे जीवन उभे केले जाते. बर्फाची शिल्पे, व्हायोलिनवरील नाच आणि बर्फावर ओतून काडीला गुंडाळलेला मॅपलचा पाक यांसाठी कडाक्याच्या थंडीतही गर्दी होते. विनिपेग ज्या प्रांतात आहे त्या मॅनिटोबाने १८९० मध्ये फ्रेंचचा राजभाषेचा दर्जा काढून घेतला आणि १९१६ मध्ये फ्रेंच शिक्षणाची दारेही बंद केली, हे लक्षात घेतले की या उत्सवातील अभिमानाचे मोल कळते.

तेथे मात्र संयोजक संस्था, शालेय सहली आणि किल्ल्यात प्रत्यक्ष काम करून दाखवणारे कलावंत यांची जोड असल्याने मुलांपर्यंत वारसा जाणतेपणाने पोहोचतो. मंडईला असा आधार नाही. ती केवळ गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि उत्साहावर उभी आहे, हीच तिची ताकद आणि हीच तिची खरी अडचण. गर्दी टिकली तरी दंडारीची पदे तोंडपाठ असणारा माणूस गेला की ती पदेही जातात. म्हणून भाऊबीजेनंतर वैनगंगेच्या खोऱ्यात जाणाऱ्या वाचकांनी दुपारच्या दुकानांवरूनच परतू नये, रात्रीच्या दंडारीला बसावे आणि जाणत्या शाहिरांची पदे, त्यांची संमती घेऊन, त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवावीत.