बेन्नूजवळचं सुकाणू

लघुग्रहाजवळ गेलेल्या यानाला पृथ्वीवरून क्षणोक्षणी हाकता येत नाही. शेवटची वाट त्याने स्वतःच पाहून काढावी लागते. ‘नासा’चं ओसायरिस-रेक्स हा याचा उत्तम दाखला. ते ज्या बेन्नू लघुग्रहाजवळ गेलं, त्याचा व्यास सुमारे 490 मीटर. त्याचं गुरुत्वाकर्षण इतकं क्षीण, की सूर्यप्रकाशाच्या दाबानेही यानाची कक्षा सरकते. त्यामुळे आज केलेला हिशेब लवकरच शिळा होतो आणि नवी छायाचित्रं घेऊन पुन्हा मांडावा लागतो. 20 ऑक्टोबर 2020 रोजी यान नमुना घ्यायला उतरलं, तेव्हा ते पृथ्वीपासून सुमारे 33 कोटी किलोमीटर दूर होतं. एका बाजूने संदेश पोहोचायला साडेअठरा मिनिटं लागत. खडक दिसल्याची खबर येऊन ‘मागे फिर’ ही आज्ञा परत जाईपर्यंत 37 मिनिटं गेली असती.

यंत्रावर इतका भरवसा टाकावा का, ही शंका रास्त आहे. मूळ बेत लेसरने अंतर मोजत सुमारे 50 मीटर रुंद, मोकळ्या जागी उतरण्याचा होता. प्रत्यक्षात बेन्नू दगडधोंड्यांनी भरलेला निघाला. निवडलेली ‘नाइटिंगेल’ ही जागा जेमतेम 16 मीटरची. मग यानाला पृष्ठभागावरच्या खुणांचा संच देण्यात आला. कॅमेऱ्यातलं दृश्य त्याच्याशी ताडून ते आपलं स्थान ओळखत होतं, आणि घातक खडकावर टेकण्याची चिन्हं दिसली तर आपणहून माघार घेणार होतं. पण त्या घातक जागा माणसांनीच नकाशे बारकाईने तपासून आखल्या होत्या. निर्णय माणसाचाच होता, आधी घेतलेला. यान ठरलेल्या बिंदूपासून मीटरभराच्या आत टेकलं.