बाळाच्या मानेवरची पाण्याची गाठ : घाबरू नका, पण घरी उपायही करू नका



आपल्या पेजवर एरवी मत्स्यबीज, जाळी, अनुदान असल्याच गोष्टी असतात. आजचा विषय वेगळा आहे.

गेल्या महिन्यात एक सभासद लेकराचे कागद घेऊन ऑफिसात आले. बाळ नऊ महिन्यांचं, मानेच्या बाजूला लिंबाएवढी मऊ गाठ. डॉक्टरांनी गाठीत इंजेक्शन द्यायचं ठरवलं होतं. यांनी औषधाचं नाव मोबाईलवर बघितलं, तर ते कॅन्सरचं निघालं. "सेक्रेटरी, पोराला कॅन्सर हाय आन् डॉक्टर लपवत्यात," असं म्हणून ते बाळाला घेऊन घरी परत आलेले. कागद इंग्रजीत. डॉक्टरांना फोन लावून सगळं समजून घेतलं. कॅन्सर नव्हता. तेव्हा जे कळलं ते सगळ्यांच्या कामाचं आहे म्हणून लिहितोय.

ही गाठ म्हणजे काय?

खरचटल्यावर जखमेतून पिवळसर पाणी येतं, त्याला आपण लस म्हणतो. (टोचायची लस वेगळी.) असं पाणी अंगभर बारीक नळ्यांतून वाहून शेवटी रक्तात मिसळतं. पोटात बाळ घडताना काही ठिकाणी या नळ्या नीट जुळत नाहीत. ओढा नदीला मिळायच्या आधीच बांध पडला तर मागे डबकं साचतं, तसंच हे. बहुतेक वेळा मानेत, कधी काखेत. डॉक्टर याला सिस्टिक हायग्रोमा किंवा लिम्फॅटिक मालफॉर्मेशन म्हणतात.

हा कॅन्सर नाही, गंडमाळ नाही, संसर्गानं लागत नाही. ग्रहणात आईनं काही केलं म्हणून झालं, हेही खरं नाही. सुनेला दोष देऊ नका. निम्म्या मुलांत गाठ जन्मतःच दिसते, बाकी बहुतेकांत दोन वर्षांच्या आत.

पोटात असताना कळलं तर

११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यानच्या स्कॅनिंगमध्ये बाळाच्या मानेमागचं पाणी मोजतात. ते जास्त असलं किंवा त्यात पडदे दिसले तर पुढची तपासणी लागते. खोटा धीर देत नाही : इतक्या लवकर दिसलेल्या अशा गाठींत साधारण निम्म्या बाळांच्या गुणसूत्रांत दोष निघतो, काहींच्या हृदयात. म्हणून वारेचा बारीक तुकडा किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल काढून तपासतात, आणि पुढे १८ ते २२ आठवड्यांच्या सुमारास हृदयाचं खास स्कॅनिंग करतात. बाळाच्या अंगभर पाणी साचलं असेल तर धोका मोठा असतो. पण तपासण्या चांगल्या आल्या आणि सूज उतरली, तर बाळ ठणठणीत जन्मायची आशाही चांगली असते.

म्हणून पहिल्या रिपोर्टवर निर्णय घेऊ नका, पण तपासणीला उशीरही करू नका. बाळात गंभीर दोष असला तरी २४ आठवड्यांनंतर गर्भपातासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. मुलगा की मुलगी हे सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण बाळाची तब्येत कशी आहे हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

शेवटच्या महिन्यांत मानेत मोठी गाठ दिसली तर बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच ठरवा. जन्मल्या जन्मल्या बाळाला श्वासासाठी मदत लागू शकते.

जन्मानंतर

आधी सोनोग्राफी, गरज असेल तर एमआरआय. गाठ किती खोल आहे आणि तिची घरं मोठी की बारीक, हे त्यात कळतं. जाळं टाकायच्या आधी आपण तळ बघतो, तसंच.

छोटी, त्रास नसलेली गाठ असेल तर डॉक्टर नुसती नजर ठेवतात. मोठ्या घरांच्या गाठीतलं पाणी काढून आत औषध सोडतात, त्यामुळं आतल्या भिंती चिकटून गाठ आकसते. आपल्याकडं यासाठी ब्लिओमायसिन बरंच वापरतात. हे औषध कॅन्सरलाही देतात, इथं मात्र थोड्या मात्रेत फक्त गाठीत सोडतात. सगळा घोळ इथंच झाला होता. काही आठवड्यांच्या अंतरानं दोन-चार वेळा द्यावं लागू शकतं. नंतर थोडे दिवस सूज आणि ताप येऊ शकतो. एकूण मात्रा जास्त झाली तर फुफ्फुसाला त्रास होतो, म्हणून प्रत्येक इंजेक्शनचा कागद जपून ठेवा आणि दवाखाना बदलला तर दाखवा.

बारीक घरांच्या गाठीला इंजेक्शन कमी लागू पडतं. तिथं ऑपरेशन किंवा सिरोलिमस नावाचं पोटातून घ्यायचं औषध देतात. ऑपरेशननंतरही गाठ परत येऊ शकते, कारण ती नसांभोवती पसरलेली असते.

हे करू नका

डाग देऊ नका. सुईनं फोडू नका. पाला बांधू नका, चोळू नका. आत पू झाला किंवा रक्त उतरलं तर गाठ अचानक वाढू शकते.

ताबडतोब १०८ ला फोन करा, जर

– श्वासाला घरघर आवाज येत असेल किंवा ओठ निळे पडत असतील
– बाळ दूध ओढत नसेल
– गाठ अचानक वाढली, लाल किंवा निळी झाली

कुठं जायचं?

आधी आशाताईंना सांगा किंवा अंगणवाडीत बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते तेव्हा दाखवा. हुक्केरीच्या तालुका दवाखान्यातून बेळगावच्या जिल्हा रुग्णालयासाठी रेफर पत्र घ्या. लहान मुलांचे सर्जन कधी असतात ते विचारूनच निघा. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मदत आहे. आपला उपचार त्यात बसतो का, ते आधी विचारा. कोल्हापूरला जाणार असाल तर आपलं कार्ड तिकडं चालतं का, तेही.

ते सभासद बाळाला घेऊन परत गेले. पहिलं इंजेक्शन झालं, दोन दिवस ताप होता, आता उतरलाय. गाठ अजून आहे, पुढची तारीख मिळालीय.

कागद समजत नसेल तर मोबाईलवर शोधत बसू नका. डॉक्टरांनाच परत विचारा. बोलायला संकोच वाटला तर संस्थेत या, आपण मिळून फोन लावू.

आपला,
सचिव