मिसळल्याने दारू कडक होत नाही

जरीपटका असो की सदर, नागपुरातल्या परमिट रूममध्ये एक सल्ला फुकट मिळतो: मिक्सिंग करू नको, चढेल. याच समजुतीच्या जोरावर अमेरिकेतल्या बारमधला एक शॉट जगभर गाजला. जिम बीम, जॅक डॅनियल्स आणि जॉनी वॉकर या तीन व्हिस्क्या सारख्या मापाने एका ग्लासात ओतल्या की तो 'थ्री वाइज मेन'. त्यात होजे क्वेर्वो ही टकीला घातली की 'फोर हॉर्समेन'. पहिले नाव बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या ज्ञानी पुरुषांचे, दुसरे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, जगावर संकटे घेऊन येणाऱ्या चार घोडेस्वारांचे. नावातच धमकी आहे आणि गिऱ्हाईक पैसे मोजते ते बहुतेक त्या धमकीचेच. हा शॉट जबर आहे, यात वाद नाही. मात्र त्याचा जबरपणा चार बाटल्या एकत्र आल्यामुळे येतो, हे साफ खोटे आहे. तो सगळा मापाचा आणि वेगाचा हिशेब आहे, आणि तो हिशेब शाळकरी गणिताने मांडता येतो.

या चारही बाटल्यांवर साधारणपणे 40 टक्के अल्कोहोल लिहिलेले असते. चाळीस टक्क्यांत चाळीस टक्के मिसळले की चाळीसच टक्के होतात. चार भांड्यांतले कोमट पाणी एकत्र केले म्हणून ते उकळत नाही. आपल्याकडच्या व्हिस्कीवर 42.8 टक्के असा विचित्र आकडा दिसतो. तो इंग्रजांच्या जुन्या 'प्रूफ' मोजणीतून उरला आहे. त्या मोजणीत शंभर प्रूफ म्हणजे सुमारे 57.1 टक्के, आणि त्याहून पंचवीस अंश खाली उतरले की 42.8. ही देशी व्हिस्की आणि 40 टक्क्यांची टकीला निम्मी-निम्मी घेतली तर मिश्रण 41.4 टक्क्यांचे होते, म्हणजे व्हिस्की उलट थोडी पातळच झाली. बाटल्या कितीही वाढवा, मिश्रण त्यातल्या सर्वांत कडक बाटलीच्या वर जाऊच शकत नाही. मग जोर कुठून येतो? प्रत्येकी 15 एमएल ओतले तर ग्लासात एकूण 60 एमएल होतात. आपल्या भाषेत ती नुसती 'सिक्स्टी', आणि तिच्यात शुद्ध अल्कोहोल साधारण 19 ग्रॅम. कुणी हौसेने प्रत्येकी 30 एमएल ओतले तर 120 एमएल, म्हणजे क्वार्टरचा दोन-तृतीयांश भाग एका दमात घशाखाली. एरिक विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात रक्तातल्या अल्कोहोलच्या अंदाजाचे सूत्र दिले. त्यानुसार 70 किलो वजनाच्या पुरुषाने उपाशीपोटी 60 एमएलचा हा शॉट मारला तर 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 40 मिलिग्रॅम अल्कोहोल येते. 55 किलोच्या बाईच्या रक्तात तेच 60 च्या पुढे जाते, कारण तिच्या शरीरात पाण्याचा वाटा कमी असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार मर्यादा आहे 30 मिलिग्रॅमची. जरीपटक्यातून निघून इंदोरा चौकापर्यंत दुचाकीने जायचे म्हटले तरी हा एक शॉट पुरेसा गुन्हेगार करून ठेवतो. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही. शरीर दर 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅम या गतीने अल्कोहोल जाळते. 120 एमएल घेणाऱ्याला मर्यादेखाली यायला तीन तासांहून जास्त लागतात, आणि लिंबू, ताक, काळी कॉफी यांनी ही गती वाढत नाही.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा. मिक्सिंग केलेल्या रात्री हमखास जास्त चढते आणि सकाळी डोके जास्त ठणकते, हे पिणारे शपथेवर सांगतील. त्यांना खोटे ठरवण्याचे कारण नाही, फक्त कारण चुकीच्या ठिकाणी शोधले जाते. एकच ब्रँड घेणारा माणूस पेग मोजत असतो. चार बाटल्यांत हात घालणाऱ्याची मोजणी सुटते. दुसरे म्हणजे वेग. सोडा-पाणी घालून, सावजी मटणाबरोबर तासभर पुरवलेला लार्ज आणि चार सेकंदांत रिचवलेला शॉट यांत अल्कोहोल सारखेच असले तरी रक्तातला चढ सारखा नसतो. शिवाय शिखर गाठायला अर्ध्या-पाऊण तासापर्यंतही वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात 'काहीच झालं नाही' म्हणत दुसरा शॉट मागवला जातो. उरला सकाळच्या डोकेदुखीचा मुद्दा. जर्मनीतल्या विटेन-हेर्डेके आणि इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये 90 जणांना बिअर आणि वाइन वेगवेगळ्या क्रमाने, तसेच एकेकटी पाजून पाहिली. हँगओव्हरमध्ये फरक पडला नाही. हा प्रयोग व्हिस्की-टकीलावर झालेला नव्हता हे खरे, पण 'मिसळले म्हणून त्रास' या समजुतीला त्याने चांगलाच धक्का दिला. आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने एक पुरावा मात्र द्यायला हवा. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांचा 2010 चा अभ्यास सांगतो की व्होडकापेक्षा बरबन प्यायलेल्यांचा हँगओव्हर अधिक वाईट होता. आंबवताना आणि पिंपात मुरताना तयार होणारी इतर रसायने बरबनमध्ये कितीतरी जास्त असतात. पण मग दोष बरबनचा. ती एकटी घेतली तरी तो सुटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. जॉनी वॉकर हीच मुळात अनेक व्हिस्क्यांची मिसळण, मग आम्ही ग्लासात मिसळले तर काय बिघडले? बिघडते ते असे, की स्कॉचचा ब्लेंडर किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात मुरलेल्या व्हिस्क्या एकमेकींना पूरक ठरतील अशा बेताने जुळवतो. या शॉटमध्ये बाटल्या निवडल्यात त्या इंग्रजी 'J' या आद्याक्षराच्या अनुप्रासासाठी. बरबनमध्ये निम्म्याहून जास्त मका असतो आणि आतून जाळलेल्या नव्या पिंपामुळे तिला व्हॅनिलाचा गोडवा येतो. जॅक डॅनियल्स मेपलच्या कोळशातून गाळली जाते. स्कॉचला थोडा धूर असतो. टकीला निळ्या अगेव्हेच्या भाजलेल्या गड्ड्याची. चव नाकाने कळते, आणि एका दमात गिळताना नाकाला कुणी विचारत नाही. माझ्या मते त्यातून ओळखू येईल अशी एकटी टकीलाच उरते. बाकी तिघींचे पैसे पाण्यात, आणि ते पैसे थोडे नाहीत: बरबनवरचे आयातशुल्क 150 टक्क्यांवरून 100 वर आले तेही 2025 च्या फेब्रुवारीत.

पैसे वाचवायला देशी बाटल्या घ्याव्यात, तर गोष्ट आणखी गमतीची होते. आपल्या स्वस्त व्हिस्क्यांचा मोठा भाग मळीपासून गाळलेल्या जवळजवळ बेचव स्पिरिटचा असतो, त्यात थोडे माल्ट. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकताही येत नाही. अशा तीन ब्रँडची मिसळ म्हणजे एकाच स्पिरिटला तीन लेबले. टकीलाला देशी पर्याय मात्र खरोखर आहे. दख्खनच्या बांधांवर वाढणाऱ्या घायपातापासून, म्हणजे अगेव्हेपासूनच, डेस्मंड नाझरेथ या उद्योजकाने आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात मद्य गाळले. टकीला हे नाव मेक्सिकोसाठी राखीव असल्याने बाटलीवर ते लिहिता येत नाही, इतकेच.

एवढे वाचूनही हा शॉट करून पाहायचाच असेल तर प्रत्येक बाटलीतून 7.5 एमएल घ्या. एकूण 30 एमएल, म्हणजे एक स्मॉल. बर्फावर हलवून गार करा, गाळून घ्या, दोन-तीन घोटांत प्या, आधी पोटात काही असू द्या. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट 25 वर्षांची आहे आणि परवानाही लागतो. बारमध्ये मागवत असाल तर नाव ऐकून मान डोलावू नका. ग्लासात एकूण किती एमएल जाणार, तेवढे ओतण्याआधी विचारून घ्या.