लग्नाच्या फोटोंचा दर कशाचा?

लग्नाच्या फोटोग्राफरला इसार देताना घरच्यांपुढे असतात ते दुसऱ्यांच्या लग्नाचे अल्बम. आपले फोटो कसे येतील हे तेव्हा कळायला मार्गच नसतो. माल आधी पारखता येत नाही तिथे गिऱ्हाईक दरावरूनच दर्जाचा अंदाज बांधते. समजा, एकाने पंचवीस हजार सांगितले आणि दुसऱ्याने ऐंशी, तर पहिल्याच्या स्वस्ताईचा आनंद होण्याआधी मनात शंका येते. हा परिणाम वरवरचा नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये वाइन चाखायला दिली. एकच वाइन कधी १० डॉलरची, कधी ९० डॉलरची म्हणून सांगितली. महाग म्हणून दिलेली वाइन लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूतल्या सुखाच्या जाणिवेशी जोडलेल्या भागातही तसाच फरक दिसला.

मग दर चढवले की झाले, असे कुणी म्हणेल. पण त्याच लोकांना पुढे किमती न सांगता त्याच वाइन दिल्या तेव्हा तो फरक उरला नाही, आणि मला प्रयोगाचा हाच भाग मोलाचा वाटतो. पंधरा वर्षांनी अल्बम उघडताना दर कुणाच्या डोक्यात नसतो. दिसतात ते फक्त फोटो. अंतरपाट दूर होतो तो क्षण पाहा. अक्षता उडताहेत, व्हिडिओवाल्याचा पिवळा दिवा आणि हॉलचा निळसर उजेड एकाच चेहऱ्यावर पडलाय, आणि वधू-वर समोरासमोर असल्याने एका कॅमेऱ्याला दोघांपैकी एकाचाच चेहरा नीट मिळतो. दुसरा फोटोग्राफर, एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवणारा कॅमेरा, नंतर रंग सुधारण्यात जाणारे दिवस, यांचे पैसे दरात धरलेले असतात. स्वस्त पॅकेजमधून आधी हेच गळते, आणि ते गळल्याचे कळते लग्न उरकल्यावर.

बेताच्या ऐपतीच्या घरांनी काय करायचे, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय कामाला कात्री लावण्याचा आहे: हळद आणि रिसेप्शन वगळावे, छापील अल्बम पुढे सवडीने करावा. घासाघीस झाल्यावर ऐंशीचे पन्नास होतात आणि काम मात्र तेवढेच राहते, तेव्हा वरचे तीस हजार उगाच लावले होते असे गिऱ्हाईकाला वाटणारच, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. म्हणून कोटेशनमध्ये नुसता आकडा नको. माणसे किती, तास किती, फोटो कधी मिळणार आणि दर उतरवला तर यातले काय कमी होणार, हे लेखी हवे.