कॅल्शियमला जागा कोण दाखवते?

बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला, लालबागजवळ, कुंडी भंडारा ही भुयारी पाणीव्यवस्था आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास खोदलेल्या या भुयारांतून सातपुड्यात मुरलेले पाणी केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले गेले. त्या पाण्यातला चुना पिढ्यान्‌पिढ्या भिंतींवर साचत आला आणि पाण्याची वाट अरुंद होत गेली. तिथे चुन्यातल्या कॅल्शियमला अडवणारे कोणी नाही. फावेल तिथे ते बसते. हाडातही कॅल्शियमच बसते, पण नेमक्या जागी आणि नेमक्या मापाने. बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या घरांत काय किंवा पुण्या-मुंबईत काय, हाडांचा विषय निघाला की दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्यांवरच गाडी थांबते. त्या कॅल्शियमला शिस्त लावणाऱ्या लांबलचक शर्करासाखळ्यांचे, म्हणजे जटिल कर्बोदकांचे, नाव कोणी घेत नाही.

हाडाच्या वजनात साधारण साठ-पासष्ट टक्के खनिज असते. उरलेला भाग मुख्यतः कोलॅजेनचे तंतू आणि पाणी. शर्करासाखळ्यांचा वाटा अगदी थोडा. पण वाढत्या मुलाच्या मांडीचे हाड ज्या टोकाशी लांबत असते तिथे पाहिले, तर त्यांचे काम कळते. तिथे आधी कूर्चा तयार होते. तिच्यातल्या अवाढव्य रेणूंवर काँड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या दाटीने बसलेल्या असतात. या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असल्याने त्या पाणी आणि कॅल्शियम धरून ठेवतात. पण हे रेणू शाबूत असेपर्यंत खनिजाचे स्फटिक सहसा वाढू शकत नाहीत. जिथे हाड व्हायचे असते तिथे त्यांची काटछाट होते आणि मग खनिज पाय रोवते. पुढे कोलॅजेनच्या तंतूंना चिकटून डेकोरिन, बायग्लायकन असे छोटे शर्करायुक्त रेणू काम करतात. बायग्लायकन तयारच होऊ न दिलेल्या उंदरांची हाडे वय वाढेल तशी विरळ होत गेली, हे 1998 मध्ये दिसले. 2007 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी असा निष्कर्ष मांडला, की स्फटिक आणि सेंद्रिय भाग जिथे एकमेकांना भिडतात तिथे प्रामुख्याने शर्कराच असतात. तोवर हे श्रेय प्रथिनांकडे जात होते.

एवढ्याशा वाट्याचा एवढा गवगवा कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर मॉर्क्विओ या आनुवंशिक आजारात आहे. 1929 मध्ये त्याचे वर्णन झाले. त्याच्या मुख्य प्रकारात एक विकर नीट काम करत नाही, म्हणून जुन्या शर्करासाखळ्या मोडल्या जात नाहीत आणि साचत राहतात. मुलाची उंची खुंटते, कणा वाकतो, गुडघे एकमेकांवर आपटतात. कितीही दूध पाजले तरी यात फरक पडत नाही.

मग काँड्रॉइटिनच खावे का? बाजार तेच सांगतो. पण 2006 मध्ये अमेरिकेत गुडघ्याच्या संधिवाताच्या 1,583 रुग्णांवरील चाचणीत ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिनचा एकूण गटाला नाममात्र गोळीपेक्षा लक्षणीय फायदा दिसला नाही. हाडातल्या साखळ्या शरीर स्वतःच ग्लुकोजपासून विणते. भात जास्त खाल्ला म्हणून त्या वाढत नाहीत. आहारातल्या कर्बोदकांचा उपयोग वेगळ्या वाटेने होतो. जी लहान आतड्यात पचत नाहीत, ती मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून सौम्य आम्ले तयार होतात आणि कॅल्शियम अधिक विरघळून शोषले जाते. 2005 च्या एका अमेरिकी अभ्यासात किशोरवयीन मुलामुलींना वर्षभर रोज आठ ग्रॅम इन्युलिनजातीचे तंतू दिले. त्यांचे कॅल्शियमचे शोषण वाढले आणि हाडांत खनिजाची भरही अधिक पडली.

बुऱ्हाणपूर तर केळीचा जिल्हा. हिरव्या केळ्यातला बराचसा स्टार्च याच जातीचा, पचनाला दाद न देणारा. केळे पिकले की त्याची साखर होते. अर्थात, इन्युलिनचा निष्कर्ष केळ्याच्या भाजीला जसाच्या तसा चिकटवणे घाईचे होईल, कारण शिजवल्यावर त्यातला पुष्कळ स्टार्च पचण्याजोगा होतो, आणि निवल्यावर थोडासाच पुन्हा घट्ट होतो. तेला-मिठातल्या वेफर्सला हाडांचे औषध म्हणणे तर चेष्टाच.

तंतुमय आहारावरचा आणखी एक आक्षेप वजनदार आहे. ज्वारी, डाळी, कोंडा यांत फायटिक आम्ल असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. एडवर्ड मेलानबी यांच्या प्रयोगांत ओटच्या आहारावर वाढवलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मुडदूस झाला होता. पण त्यांना ड जीवनसत्त्वही मिळत नव्हते, आणि कॉड लिव्हर ऑइल दिल्यावर मुडदूस टळत होता. शिवाय मोड आणल्याने, आंबवल्याने फायटिक आम्ल कमी होते; आंबील आणि मोडाची उसळ त्या दृष्टीने शहाणपणाचे पदार्थ आहेत. त्यामुळे भाकरी सोडायचे कारण नाही. मात्र दिवसभर पॉवरलूमच्या छपराखाली राबणाऱ्याने तंतूंची चिंता करण्याआधी ऊन आणि दूध-ताकाची सोय पाहावी. मुलाचे पाय वाकत असतील किंवा उंची थांबली असेल, तर डबे आणि पावडरी विकत घेण्याआधी त्याला डॉक्टरांना दाखवा.