नाथसागराचे धनी कोण?

शेवगाव-नेवाशाच्या गोदाकाठाने पन्नास वर्षांत एकाच पाण्याचे तीन धनी पाहिले: पाटबंधारे, मत्स्यव्यवसाय आणि वन्यजीव. ज्यांची घरे त्या पाण्याखाली गेली, त्यांना मात्र कोणत्याच खात्याने धनी मानले नाही.

1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची, म्हणजे नाथसागर अडवणाऱ्या धरणाची, पायाभरणी झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे उद्‌घाटन केले. नगर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतली शंभरावर गावे बाधित झाली. टोक्याचे सिद्धेश्वर मंदिर आजही काठावर उभे आहे. बुडीत गावांतल्या पारांना आणि वाड्यांना ते भाग्य लाभले नाही. दुष्काळात पाणी आटले की जुने चौथरे वर येतात आणि म्हातारी माणसे नातवंडांना आपली आळी दाखवायला नेतात. पाणी हटलेल्या ओल्या गाळावर हरभरा, गहू पेरायचा, ही गाळपेर. जमीन गेलेल्यांना तिचाच काय तो आधार.

ऑक्टोबर 1986 मध्ये सरकारने या जलाशयाला पक्षी अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र सुमारे 341 चौरस किलोमीटर. रोहित, पट्टकादंब, करकोचे हिवाळ्यात उतरतात ते उथळ काठावर, आणि गाळपेरही त्याच काठावर. भांडणाचे मूळ इथेच आहे. पाखरांना संरक्षण हवेच; बारीक आसाची जाळी आणि काठावरची रासायनिक फवारणी रोखायलाच हवी. पण थर्माकोलच्या तराफ्यावर पाय दुमडून बसून पहाटे जाळे ओढणारा भोई किंवा कहार आणि चोरटा शिकारी यांना एकाच नजरेने पाहणे हा अन्याय आहे.

पुढच्याच वर्षी, 1987 मध्ये, मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. तिथेही मच्छीमारांनी विरोध केला, कारण तेच: आधी अधिसूचना, मग विचारणा. आणि पाण्याखाली बुडाले त्याचे काय? अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने 1980 मध्ये सरोवरांतल्या बुडालेल्या जहाजांसाठी राखीव क्षेत्रांचा कायदा केला. परवान्याशिवाय वस्तू वर काढायला मनाई, बुडी मारून पाहायला मोकळीक. तिथेही सरकारी हस्तक्षेपावर वाद झडले, पण तळाशी काय आहे याची दखल तरी कायद्याने घेतली. आपल्या अभयारण्याच्या कायद्याला पाखरे दिसतात, बुडालेले गाव दिसत नाही. युनेस्कोचा 2001 चा करार पाण्याखालचा वारसा मानतो तो किमान शंभर वर्षे बुडालेल्या अवशेषांनाच. त्या हिशेबाने आमच्या गावांचा नंबर 2076 च्या आसपास लागेल. तोवर त्या गल्ल्या आठवणारे कोणी उरणार नाही.

2017 मध्ये अभयारण्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले. नंतर जलाशयावर तरंगत्या सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला. पैठणच्या कहार समाजाची पंच कमिटी त्याविरुद्ध हरित न्यायाधिकरणात गेली, 2024 मध्ये हरली. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. हरित ऊर्जेला त्या अधिसूचनेची आडकाठी नाही, असा निर्वाळा मिळाला. कायद्याने तो बरोबर असेल. पण जाळे टाकणाऱ्याला नियम आणि पॅनेल टाकणाऱ्याला मुभा, हे काठावर कोणालाच पटवून देता येत नाही. पॅनेलचा पहिला तराफा पाण्यात सोडण्याआधी मासेमारीच्या जागा, गाळपेरीचे पट्टे आणि बुडीत गावठाणे यांचा एकच नकाशा तिन्ही खात्यांनी काढावा, आणि तो शेवगाव-नेवाशाच्या ग्रामसभांत वाचून दाखवावा.