पार्ट नंबरनं किती बोलावं?

१९६५च्या फोर्ड मस्टँगच्या अनेक सुट्या भागांचे नंबर 'सी५झेड' असे सुरू होतात. 'सी' म्हणजे साठचं दशक, '५' म्हणजे पासष्ट साल, 'झेड' म्हणजे मस्टँग. पुढे ९५१० दिसलं की कार्ब्युरेटर. ६०००च्या घरात इंजिन, २०००च्या घरात ब्रेक. नंबर वाचला की पार्ट डोळ्यांपुढे यायला हवा, हीच त्या काळातली हुशारी होती.

तिला कारणही होतं. माहिती ठेवायची म्हणजे बिन कार्ड, नाहीतर पंचकार्ड. आयबीएमचं पंचकार्ड १९२८पासून ८० रकान्यांचं, आणि यंत्र कार्डं वेगळी करायचं ती रकाना पाहून. गट, साल, मॉडेल नंबरातच बसवलं की हवा तो माल झटकन बाजूला निघायचा.

अडचण अशी की पार्ट मॉडेलपेक्षा जास्त जगतो. पासष्टचा ब्रॅकेट काही वर्षांनी दुसऱ्याच गाडीत बसतो, पण जन्मखूण तीच राहते. नवा माणूस दुसऱ्या गाडीच्या नावाखाली तो शोधतो, सापडत नाही, म्हणून नवं ड्रॉइंग काढतो. एकाच वस्तूचे दोन नंबर, दोन साठे.

याचा सर्वांत मोठा धडा मिळाला तो लष्कराला. दुसऱ्या महायुद्धात एकच जीप विलीज आणि फोर्ड दोघंही बनवत. बहुतेक भाग एकमेकांच्या जागी चालत, पण दोघांचे नंबर निराळे. युद्धानंतर, १९५२मध्ये, अमेरिकेनं संरक्षण खात्याच्या सगळ्या सामानाची एकच सूची करण्याचा कायदा केला. तिथला नंबर ११ आकडी होता; १९७४मध्ये देशाचे दोन आकडे घालून तो १३ आकडी झाला. भारताचा संकेत ७२. पहिले चार आकडे वर्ग सांगतात, जसं ३११० म्हणजे बेअरिंग. पण वस्तूची खरी ओळख पुढच्या नऊ आकड्यांत असते, आणि त्यांतले शेवटचे सात वस्तूबद्दल काहीच सांगत नाहीत. वर्ग चुकला किंवा बदलला तरी ते नऊ आकडे जागचे हलत नाहीत. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते.

मग बोलके नंबर वाईटच का? तसं नाही. ६२०५ म्हटलं की बेअरिंगच्या कुठल्याही दुकानदाराला कळतं: ६ म्हणजे डीप ग्रूव्ह, २ ही सिरीज, ०५ला पाचनं गुणलं की २५ मिलिमीटर बोअर. (०० ते ०३ला हा गुणाकार लागू नाही, ०३ म्हणजे १७.) हे टिकलं, कारण त्या नंबरात भरलेली मापं जगभर ठरलेली आहेत, बोअर बदलला तर ते बेअरिंगच दुसरं. मॉडेल, व्हेंडर, प्लेटिंग कुठं होतं, रॅक कोणता, हे मात्र धंद्याच्या सोयीनं रोज बदलतं. ते नंबरात कोंबलं की नंबर शिळा होतो.

संगणक आल्यावर वर्णनाला स्वतंत्र रकाने मिळाले आणि मुका नंबर परवडू लागला. एसएपी या सॉफ्टवेअरमध्ये मटेरियल नंबर १८ अक्षरांचा होता, त्याच्या एस/४हाना या नव्या आवृत्तीत तो ४०पर्यंत नेता येतो. वाढलेली जागा भरायलाच हवी असं नाही, हे सांगायला मात्र कोणी मिळत नाही. लांब नंबर फोनवर सांगताना चुकतो, इंग्रजी 'ओ' आणि शून्यात गोंधळ होतो, एक्सेल सुरुवातीची शून्यं खातं, आणि १२ई५ असा नंबर दिसला की त्याचे बारा लाख करून ठेवतं.

भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यात आणखी एक पेच असतो. तोच शाफ्ट दोन गिऱ्हाइकांना जातो, दोघांचे नंबर वेगळे, ड्रॉइंगची रिव्हिजनही वेगळी. घरचा नंबर एकच, साधा, पाच-सहा आकडी ठेवायचा. गिऱ्हाइकाचा नंबर शेजारच्या रकान्यात, रिव्हिजन त्याच्यापुढे. बदललेला भाग जुन्याच्या जागी बिनतक्रार बसत असेल तर फक्त रिव्हिजन चढवायची; बसत नसेल तर नवा नंबर, मग डिझाइनवाले कितीही कुरकुर करोत.